कॅमेऱ्यासमोर रंधा धरण्याआधी

आवाज गोड आहे, चेहरा बरा आहे, एवढ्यावर सुतारकामाचा कार्यक्रम चालत नाही. प्रेक्षक तुझ्या हातांकडे बघणार. बोलता बोलता काम करायची सवय आधी लाव. दोन्ही एकदम जमत नसेल तर रंधा मारताना खुशाल गप्प राहा.

मापं सांगणारे पुष्कळ आहेत, तू कारण सांग. लाकडातल्या रेषांच्या उलट रंधा मारला की लाकूड का उचकटतं? दमट हवेत फळी रुंदीला फुगते, लांबीला जवळपास नाही; म्हणून टेबलाची वरची फळी खालच्या चौकटीला सरसकट चिकटवायची नसते. हे कळलेला माणूस पुढचं टेबल स्वतःच्या मापाने करतो.

अमेरिकेतले नॉर्म अब्राम यांच्या सुतारकामाच्या टीव्ही कार्यक्रमाचे, 'द न्यू यँकी वर्कशॉप'चे, भाग बघ. १९८९ ते २००९ कार्यक्रम चालला, पण सुरक्षा चष्म्याची आठवण करून द्यायला ते कंटाळले नाहीत. तिथलाच असा कार्यक्रम करणारे रॉय अंडरहिल अगदी वेगळे: हातहत्यारं, भरभर बोलणं, लागलेली धाप. मला तेच जास्त आवडतात, पण नक्कल करायला जाऊ नकोस, फसशील.

सांधा सैल बसला तर ते दृश्य कापू देऊ नकोस. पाचर कशी मारायची ते तिथेच दाखव. आणि हो, मशीनवर अंगठी, सैल बाह्या नकोत.