ते सहा बुश

प्रश्न : मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, राहायला बेळगावजवळ मच्छेत. पुण्याच्या कंपनीची ऑफर आलीय, महिनाअखेर कळवायचंय. मनात मात्र स्वतःचं जॉबवर्कचं, म्हणजे दुसऱ्यांचे सुटे भाग करून देण्याचं, वर्कशॉप आहे. बाबा 22 वर्षं फाउंड्रीत कामगार. धंद्याचं नाव काढलं की आई रडते. आमच्या रक्तातच धंदा नाही. सुट्टीत बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागेत, मामांच्या वापरात नसलेल्या लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) एका गिऱ्हाइकाला 40 बुश, म्हणजे मशीनमध्ये बसवायच्या धातूच्या पोकळ नळ्या, करून दिले. सहांचा बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा गेला, ते परत आले, पुन्हा करून दिले, ते सोडा. माझ्यात हिंमत आहे का, हे कसं ओळखू?

उत्तर : ते मी सोडणार नाही, बाळा. बोअर लहान राहिला तर आणखी कापता येतो; मोठा गेला की तुकडा भंगारात. म्हणजे तू नवा माल आणलास, पुन्हा मशीनवर उभा राहिलास, आणि गिऱ्हाइकाने ते सहाही ठेवून घेतले. आणि वर मला हिंमत विचारतोस!

आइसेक आयझेन या मानसशास्त्रज्ञाने 1991 च्या लेखात माणसाचा इरादा तीन गोष्टींवर बेतला : ते काम त्याला कसं वाटतं, जवळची माणसं काय म्हणतील असं त्याला वाटतं, आणि ते आपल्याला जमेल असं वाटतं का. विद्यार्थी उद्योगात का उतरतात याचा अभ्यास करणारे आजही बऱ्याचदा याच तीन गोष्टी तपासतात. त्यात रक्त कुठेच नाही. जमेल हा भरवसा येतो कुठून, ते अल्बर्ट बांदुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 मध्ये सांगितलं : सगळ्यात पक्का भरवसा स्वतः तडीस नेलेल्या कामातून येतो. आपल्यासारख्या दुसऱ्याला जमलेलं पाहून येतो तो त्याहून कच्चा, आणि लोकांच्या बोलण्यातून येतो तो आणखी कच्चा. तू नेमकी उलटी उतरंड रचलीस. घरातलं बोलणं सगळ्यात वर, तुझे बुश तळाला.

आईच्या रडण्यावर मी काही लिहिणार नाही. तिने तो लेथ चालताना पाहिलेला नाही.

सोमवारी त्याच गिऱ्हाइकाकडे जा आणि पुढचं ड्रॉइंग माग. या वेळी दर तू काढ : माल, वीज, तुझे तास, मामांच्या मशीनचं भाडं, वाया जाणारे तुकडेसुद्धा. बाबांना सोबत ने. 22 वर्षं कास्टिंग हाताळलेल्या माणसाला तू अजून एकदाही विचारलेलं दिसत नाही. पुण्याला कळवायचं ते त्यानंतर.