मोशे आणि इस्रायली लोक इजिप्तमधून बाहेर पडले याला इजिप्तचा स्वतःचा काही पुरावा आहे का?

तुम्ही विचारलंय की इपुवेर पपायरस या प्राचीन इजिप्शियन लिखाणामध्ये "नदीचं रक्त झालं" असं लिहिलंय, बायबलमध्येही नाईलचं रक्त होतं, तर मग बायबलमधली गोष्ट सिद्ध झाली ना. नाही हो, तेवढ्यावरून नाही होत. ते वाक्य आहे खरं, पण तो सगळा मजकूर म्हणजे राज्याची घडी विस्कटली म्हणून केलेला विलाप आहे, गरीब श्रीमंत झाले वगैरे, आणि त्यात परके आशियाई लोक इजिप्तमध्ये घुसतायत, बाहेर पडत नाहीयेत. लोक व्हिडिओत एकच ओळ दाखवतात याचं मला खरंच वाईट वाटतं.

इस्रायल हे नाव इजिप्तच्या लिखाणात नक्की वाचता येतं ते मेर्नेप्ताह या फेरोच्या, म्हणजे इजिप्तच्या राजाच्या, शिलालेखात, इ.स.पू. १२०८ च्या आसपासचा, पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्रीला १८९६ मध्ये थीब्जला सापडला. पण त्यात ते कनानमधले (आजच्या इस्रायल-पॅलेस्टाईनच्या भागातले) लोक म्हणून येतात, फेरोने हरवलेले, ते तिथे कुठून आले याबद्दल एक अक्षर नाही.

मला सगळ्यात जास्त विचारात पाडतं ते पपायरस अनास्तासी ५ या जुन्या इजिप्शियन हस्तलिखितामधलं एक पत्र. साधारण इ.स.पू. तेराव्या शतकाच्या शेवटचं, सीमेवरचा एक अधिकारी लिहितोय की पळालेल्या दोन नोकरांच्या मागे मी राजवाड्यातून निघालो, त्जेकू या सीमेवरच्या ठिकाणी पोचलो, ते मिग्दोल किल्ल्याच्या उत्तरेकडून भिंत ओलांडून गेले असं कळलं, पुढचं तुम्ही कळवा. आता बायबलमध्ये याच वाटेवर सुक्कोथ आणि मिग्दोल येतात, आणि त्जेकू म्हणजेच सुक्कोथ असं बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे वाट खरी, पळणारे खरे, पाठलागही खरा. पण माणसं दोन! बायबल सांगतं ६ लाख, ते पण फक्त पुरुष, बायकामुलं वेगळी, आणि तेव्हाच्या अख्ख्या इजिप्तची लोकसंख्याच ३० लाखांच्या आसपास धरतात. एवढे लोक निघून गेले असते तर शेती, बांधकामं, सैन्य सगळंच कोलमडलं असतं, आणि तसं काही दिसत नाही.

म्हणून मला स्वतःला वाटतं की छोटा गट कधीतरी निसटला असेल आणि त्याची आठवण पुढे सगळ्या समाजाची झाली. कागद नाही म्हणजे घडलंच नाही असंही मी म्हणणार नाही, कारण तेव्हाची राजधानी पी-रामेसेस नाईलच्या त्रिभुज प्रदेशात, ओल्या चिखलात, तिथली दफ्तरं कुजून गेली. ते दोन नोकरांचं पत्र सुद्धा वाचलं ते लेखनिकांनी नमुना म्हणून उतरवून ठेवलं म्हणून.