वाचकांचे प्रश्न : घरी बांधलेला क्लास ए ॲम्प्लिफायर आणि त्याचा वीजपुरवठा

क्लास ए ॲम्प्लिफायर, म्हणजे गाणे नसतानाही ज्याच्या ट्रान्झिस्टरांतून पूर्ण प्रवाह वाहत राहतो असा ॲम्प्लिफायर, घरी बांधू इच्छिणाऱ्या आणि बांधून झाल्यावर अडलेल्या वाचकांच्या पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. प्रश्न ॲम्प्लिफायरचे म्हणून आले असले तरी त्यांतले बहुतेक प्रश्न वीजपुरवठ्याचे किंवा उष्णतेचे आहेत, आणि या प्रकारात ते तसेच असायला हवेत.

प्रश्न (फोंडा) : ब्रिटिश रचनाकार जॉन लिन्स्ली हूड यांचा दहा वॅटचा क्लास ए ॲम्प्लिफायर मी दोन चॅनेलचा बांधणार आहे. माझ्याकडे ‘१२-०-१२ व्होल्ट, ५ अँपिअर’ असे लिहिलेला ट्रान्सफॉर्मर आहे. तो पुरेल का? फिल्टरसाठी किती मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावावेत?

उत्तर : हे सर्किट ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकाच्या एप्रिल १९६९ च्या अंकात प्रसिद्ध झाले. दर चॅनेलला चार ट्रान्झिस्टर आणि मोजके रेझिस्टर एवढ्यात ते संपत असल्यामुळे बांधणाऱ्याचे सगळे लक्ष त्या चार ट्रान्झिस्टरांवर खिळते. वास्तविक खर्च, वजन आणि विचार या तिन्ही बाबतींत या ॲम्प्लिफायरचा मोठा भाग वीजपुरवठ्याचाच आहे. आठ ओहमच्या स्पीकरसाठी मूळ लेखात २७ व्होल्टचा पुरवठा आणि दर चॅनेलला १.२ अँपिअर प्रवाह सांगितला आहे. गाणे चालू असो वा नसो, हा प्रवाह अखंड वाहतो, म्हणजेच दर चॅनेलला सुमारे ३२ वॅट आणि दोन्ही मिळून ६५ वॅट वीज सतत लागते. त्यातले जास्तीत जास्त वीस वॅट स्पीकरकडे जातात आणि बाकीची सर्व उष्णता होते.

आता आपला ट्रान्सफॉर्मर. मधली तार मोकळी सोडून, तिच्या टोकाला नीट इन्सुलेशन करून, बाहेरच्या दोन टोकांमधले २४ व्होल्ट ब्रिज रेक्टिफायरला (एसीची डीसी करणाऱ्या चार डायोडांच्या जोडणीला) द्यावेत. मधली तार सवयीने ग्राउंडला जोडू नये, कारण ब्रिजबरोबर तसे केल्यास एकेरी पुरवठ्याऐवजी अधिक-उणे सतरा व्होल्टांचा दुहेरी पुरवठा तयार होतो. ब्रिजनंतरच्या कपॅसिटरमध्ये प्रवाह सलग न जाता प्रत्येक लहरीच्या शिखरापाशी थोडा वेळच, पण झटक्याने जातो. त्यामुळे डीसी बाजूला २.४ अँपिअर घ्यायचे असतील तर ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याला त्याच्या पावणेदोन ते १.८ पट, म्हणजे साधारण सव्वाचार अँपिअर सोसावे लागतात. हा हिशेब न करता तीन अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर आणणारे पुष्कळ आहेत, आणि तासाभराने तो का तापतो हे त्यांना कळत नाही.

म्हणजे कागदावर आपला ट्रान्सफॉर्मर पुरतो. प्रश्न उरतो तो त्यावरील अक्षरांवर किती विश्वास ठेवावा एवढाच, कारण बाजारात ‘५ अँपिअर’ लिहिलेल्या मालात तीन अँपिअरचीच तार गुंडाळलेली असणे नवीन नाही. तपासणी सोपी आहे. गॅरेजमध्ये मिळणारे मोटारीच्या हेडलाइटचे १२ व्होल्ट ५५ वॅटचे दोन सारखे बल्ब एकापुढे एक जोडून २४ व्होल्टांवर पेटवावेत. ते साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह घेतात. दोन तास ते तसेच ठेवून व्होल्टेज २३ च्या खाली जात नाही ना आणि ट्रान्सफॉर्मरला जळका वास येत नाही ना हे पाहावे. बल्ब फार तापतात, म्हणून ते फरशीवर, कापडापासून दूर ठेवावेत. ट्रान्सफॉर्मर या परीक्षेत नापास झाला तर मोटर वाइंडिंग करणाऱ्या कारागिराकडून १५० व्हीएचा (व्होल्ट गुणिले अँपिअर १५०) नवीन गुंडाळून घ्यावा. तो जड होईल, पण पुन्हा त्याचा विचार करावा लागणार नाही.

कपॅसिटरचा हिशेब असा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ब्रिजनंतर सेकंदाला शंभर वेळा कपॅसिटर भरतो. प्रवाहाला शंभराने आणि फॅरडमधल्या मूल्याने भागले की तरंगाचा, म्हणजे डीसी पुरवठ्यात उरलेल्या चढउताराचा, अंदाज मिळतो : २.४ अँपिअर आणि १०,००० मायक्रोफॅरड धरले तर सुमारे २.४ व्होल्ट, प्रत्यक्षात त्याहून थोडा कमी. हे सर्किट पुरवठ्यातील तरंग फारसे अडवत नाही, त्यामुळे एवढा तरंग स्पीकरमध्ये स्पष्ट ऐकू येईल. नुसते कपॅसिटर वाढवत जाणे हा महागडा मार्ग आहे. त्यापेक्षा पहिल्या १०,००० मायक्रोफॅरडनंतर ०.४७ ओहमचा दहा वॅटचा रेझिस्टर आणि त्यानंतर २२,००० मायक्रोफॅरड लावावेत. तरंग जवळजवळ सहाव्या हिश्शावर येतो आणि त्यासाठी सव्वा व्होल्टहूनही कमी गमवावे लागतात. सर्व कपॅसिटर ५० व्होल्टचे घ्यावेत. शिखराचे व्होल्टेज ३४ येते म्हणून ३५ व्होल्टचे घेतले, तर रात्री उशिरा वीज चढेल तेव्हा ते मर्यादेबाहेर जातील.

यापुढे व्होल्टेज रेग्युलेटर लावावा की कपॅसिटन्स मल्टिप्लायर, असा प्रश्न आपल्याला पडेलच. आमचे मत मल्टिप्लायरच्या बाजूने आहे, आणि त्याचे कारण गोव्यात संध्याकाळी उतरणारी वीज हे आहे. रेग्युलेटरला ठरलेले २७ व्होल्ट देण्यासाठी वर थोडी शिल्लक लागते. २३० चे २१० व्होल्ट झाले की २४ चे २२ होतात, शिखर ३१ वर येते, आणि ब्रिज, रेझिस्टर व तरंग यांचा वाटा वजा केल्यावर रेग्युलेटरच्या हाती काही उरत नाही, त्यामुळे तो तरंग थेट पुढे सोडू लागतो. मल्टिप्लायर म्हणजे बेसवर रेझिस्टर-कपॅसिटरची गाळणी असलेला एक डार्लिंग्टन (दोन ट्रान्झिस्टर एकत्र जोडून केलेला) ट्रान्झिस्टर. तो व्होल्टेज पक्के धरत नाही. वीज उतरली की त्याबरोबर सावकाश खाली येतो, पण तरंग अडवण्याचे काम सोडत नाही. त्याच्यावर अडीच-तीन व्होल्ट पडतात, म्हणजे सात वॅटच्या आसपास उष्णता होते. तिच्यासाठी वेगळा हीट सिंक (उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा तुकडा) हवा. पुरवठ्याबरोबर ॲम्प्लिफायरचा स्थिर प्रवाहही, म्हणजे गाणे नसताना वाहणारा प्रवाह, थोडा हलतो, म्हणून तो जुळवण्याचे काम यंत्र तासभर तापल्यानंतर, शक्यतो संध्याकाळी करावे.

प्रश्न (म्हापसा) : ट्रान्सफॉर्मरचा खर्च टाळून एलईडी पट्ट्यांसाठी मिळणारा २४ व्होल्ट, ५ अँपिअरचा एसएमपीएस (जलद स्विचिंगने डीसी देणारा हलका वीजपुरवठा) वापरला तर चालेल का? मित्र म्हणतात की त्याने क्लास ए चा अर्थच जातो.

उत्तर : चालेल. क्लास ए हा एसएमपीएसच्या दृष्टीने फार शहाणा ग्राहक आहे, कारण त्याची मागणी स्थिर असते; ढोलकीच्या थापेसरशी प्रवाह एकदम उसळण्याचा प्रकार येथे नाही. पुरवठा २७ ऐवजी २४ व्होल्ट असल्याने दहा वॅटऐवजी साडेसात-आठ वॅट मिळतील आणि हा फरक कानाला जेमतेम कळेल. एसएमपीएसमधून येणारा उच्च वारंवारितेचा गोंगाट ऐकू येत नसला तरी जवळच्या रेडिओत शिरतो, म्हणून बाहेर पडणाऱ्या तारांवर जाड तारेची एक कॉइल आणि तिच्यानंतर २,२०० मायक्रोफॅरड लावावेत. कॉइलच्या आधी मोठे कपॅसिटर थेट जोडू नयेत. काही एसएमपीएस त्या भाराला शॉर्ट समजून सुरूच होत नाहीत. एसएमपीएसच्या पेटीला अर्थिंग जोडणे मात्र अनिवार्य आहे.

प्रश्न (मडगाव) : ॲम्प्लिफायर बांधून झाला, आवाज गोड आहे, पण शांत जागी सतत ‘हम्म’ असा आवाज येतो. कपॅसिटर दुप्पट केले तरी फरक नाही. काय करावे?

उत्तर : कपॅसिटर दुप्पट करूनही फरक पडत नाही, यावरूनच दोष तरंगाचा नसून जोडणीचा असावा असे दिसते. प्रथम इनपुट शॉर्ट करून ऐकावे. आवाज गेला तर दोष बाहेरच्या केबलमध्ये किंवा दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून तयार झालेल्या वळशात आहे. आवाज राहिला तर त्याचा सूर ओळखावा. ५० हर्ट्झचा आवाज खर्जातला आणि मऊ असतो, तो सहसा ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येतो; ट्रान्सफॉर्मर हाताने थोडा फिरवला की त्याची पातळी बदलते. त्यासाठी त्याचे तोंड बदलावे किंवा त्याला बोर्डापासून दूर न्यावे. शंभर हर्ट्झचा आवाज एक सप्तक वरचा आणि किंचित खरखरीत असतो, आणि दहापैकी नऊ वेळा तो चुकीच्या ग्राउंडमधून येतो.

यामागचे कारण असे की ब्रिज आणि पहिला कपॅसिटर यांच्यामधल्या तारेतून क्षणभर दहा अँपिअरपेक्षाही जास्त प्रवाहाचे झटके जात असतात. तार कितीही जाड असली तरी तिला थोडा रोध असतोच, आणि त्या तारेवर कोठेही इनपुटचे ग्राउंड टेकवले की त्या झटक्यांचे काही मिलिव्होल्ट संगीताबरोबर मोठे होऊन बाहेर येतात. म्हणून ब्रिजची उणे तार फक्त पहिल्या कपॅसिटरपर्यंत न्यावी, तेथून एकच तार दुसऱ्या कपॅसिटरकडे न्यावी, आणि स्पीकरचे परतीचे टोक, दोन्ही बोर्डांचे ग्राउंड व पेटीची जोडणी हे सर्व त्या दुसऱ्या कपॅसिटरच्या उणे टोकाजवळ एका बिंदूत आणावे. प्रत्येक इनपुटचे ग्राउंड त्याच्या त्याच्या बोर्डावरूनच यावे. इनपुटचे सॉकेट धातूच्या पेटीला टेकता कामा नये. आपल्या पत्रात सोबत पाठवलेल्या चित्रात स्पीकरची काळी तार ब्रिजच्या टोकाला लावलेली दिसते. ती प्रथम हलवावी.

प्रश्न (काणकोण) : २एन३०५५ ट्रान्झिस्टर इतके तापतात की बोट ठेववत नाही. मूळ लेखात दिलेल्या आकाराचाच हीट सिंक लावला आहे. पंखा लावावा का? आमचे घर समुद्राजवळ आहे.

उत्तर : मूळ लेख इंग्लंडमधल्या खोलीसाठी लिहिलेला आहे. तेथे खोलीत २० डिग्री धरले आणि हीट सिंक ५५ डिग्रीपर्यंत तापू द्यायचा म्हटले, तर ३५ डिग्रीची वाढ ३२ वॅटवर चालते, म्हणजे दर चॅनेलला १.१ डिग्री प्रतिवॅटचा हीट सिंक पुरतो. काणकोणात मे महिन्यात खोलीत ३४ डिग्री असेल, तर हाती २१ डिग्रीच उरतात आणि ०.६५ डिग्री प्रतिवॅटचा, म्हणजे आकाराने जवळजवळ दुप्पट हीट सिंक लागतो. हे एवढे एक गणित परदेशी आराखड्यांवरून बांधणाऱ्या प्रत्येकाने आधी करावे.

तरीही घाबरण्याचे कारण नाही. चॅनेलमधल्या चारपैकी स्पीकरला प्रवाह देणारे २एन३०५५ दोनच असतात, आणि त्यांतल्या प्रत्येकावर सोळा वॅट पडतात. आतून आवरणापर्यंत दीड आणि ग्रीस लावलेल्या मायका वॉशरचा अर्धा असे मिळून वॅटमागे सुमारे दोन डिग्री धरले, तर आतले तापमान हीट सिंकपेक्षा ३२ डिग्रीने जास्त राहते. हीट सिंक ५५ वर असताना आत ८७ डिग्री होतात, आणि धातूच्या डबीतल्या अस्सल २एन३०५५ ची मर्यादा २०० डिग्री आहे. ‘अस्सल’ हा शब्द येथे महत्त्वाचा. नकली मालात आतला सिलिकॉनचा तुकडा एवढा लहान असतो की हे सगळे गणित कोलमडते. फार स्वस्त मिळालेले ट्रान्झिस्टर बोर्डावर चढवण्यापूर्वी हीट सिंकवर बसवून सोळा वॅटवर दोन तास चालवून पाहावेत.

पंखा शक्यतो लावू नये, कारण शांत संगीतासाठी एवढी वीज जाळायची आणि शेजारी पंख्याची घरघर ठेवायची यात अर्थ नाही. हीट सिंकच्या पात्या उभ्या ठेवाव्यात, पेटीच्या तळाला व छताला भोके असावीत आणि ॲम्प्लिफायर काचेच्या शोकेसमध्ये कोंडू नये. समुद्राच्या खाऱ्या हवेत त्या ट्रान्झिस्टरची पोलादी डबी गंजते आणि सॉकेटमध्ये खोचलेल्या पायांचा संपर्क बिघडतो. म्हणून सॉकेट टाळून पायांना थेट सोल्डर करावे आणि कलेक्टरच्या स्क्रूखाली दातेरी वॉशर घालावा. पावसाळ्यात यंत्र महिनोन् महिने बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालवलेले बरे. त्याची स्वतःची उष्णता आतली ओल काढून टाकते.

प्रश्न (डिचोली) : माझ्या संग्रहात केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांची जुनी ध्वनिमुद्रणे आहेत. ती ऐकण्यासाठी क्लास ए चा उपयोग होईल का? दहा वॅट कमी तर पडणार नाहीत?

उत्तर : ८८ डेसिबल संवेदनशीलतेच्या स्पीकरपासून एक मीटरवर दहा वॅटमध्ये ९८ डेसिबल मिळतात, घरातल्या खोलीला हे पुरून उरते, देवळाच्या मंडपाला पुरणार नाही. क्लास ए चा खरा फायदा हळू आवाजात आहे. साध्या क्लास बी मध्ये लहर शून्यावरून ओलांडताना एक ट्रान्झिस्टर सोडतो आणि दुसरा धरतो, त्या सांध्यावर होणारी विकृती मंद तानपुऱ्यावर सर्वांत जास्त जाणवते. क्लास ए मध्ये हा सांधाच नाही. परंतु ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील खरखर या विकृतीपेक्षा कितीतरी मोठी असते. केवळ त्या मुद्रणांसाठी खर्च करायचा असेल तर तो चांगल्या सुईवर करावा. अलीकडची, शांत पार्श्वभूमीची ध्वनिमुद्रणेही ऐकत असाल तर ॲम्प्लिफायर अवश्य बांधावा.

प्रश्न (साखळी) : वीजबिल किती वाढेल?

उत्तर : भिंतीच्या प्लगवर साधारण ८५ वॅट धरावेत. रोज तीन तास ऐकल्यास महिन्याला पावणेआठ युनिट होतात.

प्रश्न (सावर्डे) : प्रथम वीज देताना मालिकेत १०० वॅटचा बल्ब लावावा असे वाचले होते. तसे केल्यावर बल्ब चांगलाच पेटला आणि पेटलेलाच राहिला. कोठेतरी शॉर्ट आहे असे समजून मी सर्व भाग काढले, पण दोष सापडला नाही.

उत्तर : बहुधा दोष नव्हताच. हा सल्ला नेहमीच्या क्लास एबी ॲम्प्लिफायरसाठी आहे. तो शांत असताना फार थोडा प्रवाह घेत असल्यामुळे कपॅसिटर भरले की बल्ब मंदावतो. क्लास ए कधीच शांत बसत नाही. त्याला सतत ८५ वॅट हवे असतात, म्हणून बल्ब पेटलेला राहणे स्वाभाविक आहे. परीक्षा दोन टप्प्यांत करावी. आधी ॲम्प्लिफायरचे बोर्ड सोडवून फक्त वीजपुरवठा बल्बमधून चालू करावा. येथे बल्ब क्षणभर पेटून विझलाच पाहिजे. त्यानंतर बल्ब काढावा, ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक बाजूला एक अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज ठेवावा, एकाच चॅनेलचा बोर्ड जोडावा, स्थिर प्रवाहाचा प्रीसेट (स्क्रूने फिरवायचा छोटा रेझिस्टर) किमान प्रवाहावर ठेवावा, आणि पुरवठ्याच्या तारेत मीटर लावून प्रवाह हळूहळू १.२ अँपिअरपर्यंत आणावा. स्पीकरऐवजी आठ ओहमचा रेझिस्टर जोडलेला असावा. बोर्ड काढण्यापूर्वी वीज बंद करून कपॅसिटर रिकामे झाल्याची मीटरने खात्री करावी. मोठ्या कपॅसिटरवर २.२ किलोओहमचा दोन वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवला, तर चार-पाच मिनिटांत ते आपोआप रिकामे होतात.