महात्मा फुले योजना सगळ्यांना लागू झाली, पण गावाकडच्या माणसाला खरंच फरक पडतो का?

तुम्ही विचारलंय की महात्मा फुले जन आरोग्य योजना (यादीतल्या दवाखान्यात ऍडमिट झालं की बिल सरकार भरतं ती) आता सरसकट सगळ्यांना लागू झाली, कुटुंबामागे वर्षाची मर्यादाही पाच लाखांवर गेली, तर गावाकडच्या माणसाला त्याचा खरंच फायदा होतो की नुसतेच बोर्ड लागतात? मी 2016 ते 2019 सोलापुरात एका खासगी दवाखान्यात आरोग्यमित्र म्हणून, म्हणजे योजनेच्या रुग्णांचे कागद बघून मदत करणारा माणूस म्हणून, काउंटरवर बसलो. आता गावात आपले सरकार केंद्र चालवतो. आधी कार्ड घेऊन येणारी माणसं बघितली, आता कार्ड काढायला येणारी बघतो. मोठ्या ऑपरेशनला फायदा होतो, आणि भरपूर होतो. त्याच्या अलीकडे-पलीकडे फारसा नाही.

मंगळवेढ्याकडचे एक आजोबा आठवतात. पिवळं रेशन कार्ड, हृदयाची झडप बदलायची होती. मंजुरी आल्याचं सांगायला गेलो तर त्यांनी कनवटीची पुरचुंडी काढली. "किती भरायचं, लेकरा?" म्हटलं, काही नाही भरायचं. "तसं न्हवं, शेवटाला किती पडंल?" तीनदा सांगितलं तरी पटेना. नंतर त्यांच्या मुलाने सांगितलं, निघायच्या आदल्या दिवशी दोन शेळ्या विकल्या होत्या आणि एका एकराची बोलणी लावून आले होते. शेळ्या गेल्या, एकर राहिला. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18 च्या आकड्यांत देशाच्या ग्रामीण भागात एकदा ऍडमिट व्हायचा सरासरी खर्च सरकारी रुग्णालयात 4,290 रुपये आणि खासगीत 27,347 रुपये आहे. तो साध्या तापापासून बायपासपर्यंत सगळं एकत्र धरून. झडपेला किती लागतात ते आजोबांना आधीच कुणीतरी सांगितलं असणार, उगाच नाही एकराची बोलणी लावली.

ही योजना 2 जुलै 2012 ला राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात आमचं सोलापूर होतं. तेव्हा कुटुंबामागे वर्षाला दीड लाख. पिवळं आणि केशरी रेशन कार्ड चालायचं, पांढरं नाही. पुढे शेतकरी आत्महत्यांच्या 14 जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना पांढऱ्या कार्डावरही घेतलं. त्यामुळे व्हायचं असं की उस्मानाबादचा (आताचं धाराशिव) शेतकरी पांढऱ्या कार्डावर बसायचा आणि शिवेच्या अलीकडचा बार्शीचा बसायचा नाही. दोघांच्या रानात सोयाबीन तेच, भाव तोच! केशरी कार्डाला उत्पन्नाची मर्यादा वर्षाला एक लाख, म्हणजे महिन्याला साडेआठ हजार कमावणारासुद्धा कागदावर श्रीमंत. 1 जुलै 2024 पासून हा रंगाचा घोळ संपला. मला विचाराल तर पाच लाखांपेक्षा हा बदल मोठा आहे. माझ्या काउंटरवर दीड लाखाची मर्यादा संपलेली माणसं मोजकीच आली. रेशन कार्डामुळे परत गेलेली मात्र रोज असायची.

आता दुसरी बाजू. कार्ड चालतं ते यादीतल्या दवाखान्यात, आणि दवाखाना यादीत येतो तो आधी असेल तर. बार्शीत कॅन्सरचं जुनं रुग्णालय आहे, म्हणून त्या पट्ट्यातल्या किती तरी लोकांना मुंबई गाठावी लागत नाही. त्या पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोलीही होतं. तेच कार्ड, तोच दीड लाख. पण हृदयाचं काही निघालं की गाठायचं नागपूर, पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. भामरागडच्या माणसाला तर जिल्ह्याचं ठिकाणच जवळपास तेवढं लांब. योजनेने बिल भरलं, सर्जन नाही आणून दिला.

आणि ऍडमिट होण्याआधीचं व नंतरचं कोण भरणार? माझ्या चुलत्यांची अँजिओप्लास्टी 2021 ला योजनेतून झाली, एक रुपया लागला नाही. पण त्याआधी महिनाभर "गॅस झालाय" म्हणून गावातल्या आणि तालुक्याच्या डॉक्टरांकडे सुया, सलाइन, दोनदा ईसीजी, प्रत्येक वेळी सोबत एक माणूस, त्याचा रोज बुडालेला. नंतर रोजच्या गोळ्या, बाहेरून घेतल्या तर महिन्याला बाराशे-तेराशे. ओपीडी योजनेत येत नाही. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत उपचार मोफत आहेत, पण आमच्याकडे शुगरची गोळी कधी असते, कधी "पुढच्या मंगळवारी या". चुलते मधेच गोळ्या बंद करायचे. विचारलं तर म्हणायचे, ऑपरेशन झालं की आता. बीपी-शुगरच्या गोळ्या गावात नियमित मिळाल्या असत्या तर यातली निम्मी माणसं काउंटरपर्यंत आलीच नसती, असं मला तिथे बसून वाटायचं. अजून वाटतं.

दवाखान्यांचंही थोडं सांगतो. योजनेकडून बिलाचे पैसे उशिरा येतात आणि ऑपरेशनचा ठरवून दिलेला दर परवडत नाही ही त्यांची तक्रार अगदीच खोटी नाही. पण त्यावर काहींनी काढलेला उपाय म्हणजे "मंजुरी यायचीय, तोवर तपासण्या बाहेरून करून आणा" किंवा "योजनेचे बेड फुल्ल आहेत". शहरातला माणूस भांडतो. आमचा माणूस पैसे भरतो आणि पावतीही मागत नाही.

तुमच्या घरी कुणी आजारी असेल म्हणून विचारत असाल तर कामाचं सांगतो. योजनेचं कार्ड आजारी पडायच्या आधी काढा. परवाच एक मावशी आल्या होत्या, आयुष्य ऊस तोडण्यात गेलेलं. मशीनवर अंगठा उठेना. पदराला पुसला, पाण्याने धुतला, बाकीची बोटं लावून बघितली. ओटीपी गेला चाकणला, मुलाच्या मोबाइलवर, आणि तो कंपनीत ड्यूटीवर. शेवटी चेहरा दाखवून केवायसी झाली, तासभर गेला. हा तास छातीत दुखत असताना कुणाकडे नसतो. रेशन कार्डावर आणि आधारवर नाव सारखं आहे का बघा, नवीन सुनेचं आणि लहान पोरांचं नाव चढलंय का तेही बघा, निम्म्या घरांत ते राहिलेलं असतं. दवाखान्यात गेल्यावर आधी आरोग्यमित्राचं टेबल शोधा, आणि कुणी पैसे मागितले तर मागणाऱ्यासमोरच योजनेच्या हेल्पलाइनला, 155388 ला, फोन लावा.