जाडीचे आकडे ठीक येतात, तरी लाइन का गळते?

तुम्ही विचारलंय की रिफायनरीत दर शटडाउनला शेकडो पॉइंटवर अल्ट्रासोनिकने पाइपची जाडी मोजली जाते, आकडे मर्यादेत येतात, आणि तरी चालू प्लांटमध्ये एखादी लाइन गळतेच. मग पॉइंट वाढवावेत का? माझं मत: आधी आहेत ते पॉइंट तिथेच का घेतलेत, हे शोधा. बहुतेक प्लांटमध्ये ते मचाण बांधायला सोपं म्हणून किंवा मागच्या माणसाने घेतले होते म्हणून ठरलेले असतात. गंज आपली जागा वेगळ्याच कारणांनी निवडतो.

६ ऑगस्ट २०१२ रोजी कॅलिफोर्नियात रिचमंडच्या शेव्हरॉन रिफायनरीत क्रूड युनिटची ८ इंची साइडकट लाइन (कॉलमच्या बाजूने माल काढणारी) फुटली. तिची जाडी नियमित मोजली जात होती, पण पॉइंट एल्बो (वळणाचे तुकडे) आणि फिटिंगवर होते. फुटला तो ५२ इंच लांबीचा सरळ तुकडा. त्याच्या कार्बन स्टीलमध्ये सिलिकॉन फार कमी होतं. साधारण २३० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तेलातलं गंधक लोखंड खायला लागतं, आणि सिलिकॉन कमी असेल तर कितीतरी वेगाने खातं. ही लाइन सुमारे ३४० अंशांवर चालत होती. शेजारचे एल्बो चांगले होते. या तुकड्याची जाडी फुटण्याच्या जागी जवळपास ९० टक्के गेली होती. १९ कामगार वाफेच्या ढगात सापडले आणि वेळीच बाहेर पडले, पण नंतर लागलेल्या आगीच्या धुरामुळे आसपासच्या सुमारे १५,००० लोकांनी दवाखाने गाठले.

गंधकाची ही झीज एका ठिकाणी खड्डा पाडत नाही, सगळ्या लांबीभर भिंत सारखी पातळ करते. त्यामुळे आधी छोटी गळती होऊन इशारा मिळेलच याचा भरवसा नसतो. पाइपच्या अमेरिकन मानकांपैकी जुन्या ए-५३ ला सिलिकॉनची किमान अट नव्हती, ए-१०६ ला ०.१० टक्के आहे. तुमच्याकडे ऐंशीच्या दशकाच्या मध्याआधीची गरम कार्बन स्टीलची लाइन असेल तर ठरावीक पॉइंटवर विसंबू नका. दोन वेल्डमधला प्रत्येक तुकडा, लहान पप पीससकट (मधले आखूड जोडतुकडे), एकदा तरी मोजा. सरसकट तपासणी म्हणतात ती ही.

म्हणून काम सुरू करायचं ते मीटरपासून नव्हे, नकाशापासून. पी अँड आयडी (पाइप आणि उपकरणांचा आराखडा) आणि आयसोमेट्रिक (लाइनचं त्रिमितीय चित्र) घ्या, लाइनचे सर्किट पाडा: एकच धातू, साधारण एकच तापमान, एकच माल. मग प्रत्येक सर्किटवर लिहा की इथे नुकसान कशाने होईल. क्रूड कॉलमच्या ओव्हरहेडला (माथ्यावरून वाफ नेणाऱ्या लाइनला) जिथे पहिला पाण्याचा थेंब धरतो तिथे हायड्रोक्लोरिक आम्ल. गरम साइडकटला गंधक आणि नॅफ्थेनिक आम्ल. अमाइनच्या (वायूतलं गंधक काढणाऱ्या द्रावणाच्या) लाइनवर, वेल्डला उष्णतेने ताणमुक्त केलेलं नसेल तर तडे. गरम हायड्रोजनमध्ये धातूच्या आतून होणारं नुकसान. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी जाडीच्या मीटरवर दिसत नाहीत. भिंत पूर्ण ८ मिमी भरेल आणि तडा आरपार जायला आलेला असेल. तिथे तडे आणि आतलं नुकसान शोधणारी वेगळी पद्धत लागते: वेट फ्लोरोसंट मॅग्नेटिक पार्टिकल, शिअर वेव्ह, फेज्ड अ‍ॅरे. ही यादी इन्स्पेक्शनवाल्याने एकट्याने करू नये. प्रोसेस इंजिनिअर आणि त्या युनिटचा जुना ऑपरेटर दोघांना बसवा. कुठली लाइन उन्हाळ्यात बंद असते आणि कुठे बायपास कायम किंचित उघडा असतो, हे ऑपरेटरलाच माहीत असतं.

काही जागा मात्र सर्किट कुठलंही असो, यादीत आल्याच पाहिजेत.

पहिली, इंजेक्शन पॉइंट, म्हणजे चालू लाइनमध्ये पाणी किंवा रसायन सोडण्याची जागा. १६ एप्रिल २००१ ला इंग्लंडच्या हंबर रिफायनरीत गॅस प्लांटची ६ इंची ओव्हरहेड लाइन एल्बोवर फुटून मोठा स्फोट झाला. त्या एल्बोच्या जरा आधी लाइनमध्ये पाणी सोडण्याची जोडणी नंतर बसवलेली होती, आणि तपासणीच्या यादीत ती आलीच नव्हती. पाण्याच्या माऱ्याने एल्बोचा आतला संरक्षक थर निघत गेला आणि भिंत झिजली. एपीआय ५७० (चालू पाइपच्या तपासणीचं अमेरिकन मानक) नुसार अशा जोडणीचं वेगळं सर्किट धरायचं: प्रवाहाच्या वरच्या बाजूला किमान ३०० मिमी किंवा तीन व्यास, जे जास्त असेल ते, खालच्या बाजूला प्रवाहाची दिशा दुसऱ्यांदा बदलते तिथपर्यंत, किंवा पहिल्या वळणानंतर ७.६ मीटर, जे कमी असेल ते. इतर लाइनला पाच किंवा दहा वर्षं चालत असली तरी इथे दोन तपासण्यांतलं अंतर जास्तीत जास्त तीन वर्षं. आणि मोजताना एल्बोच्या बाहेरच्या वळणावर एक आकडा घेऊन थांबू नका, ग्रिड आखून स्कॅन करा.

दुसरी, डेड लेग. वापरात नसलेली शाखा, बंद कंट्रोल व्हॉल्व्हचा बायपास, ड्रेन, जुन्या पंपाची उरलेली जोडणी. टेक्सासमध्ये सनरे इथल्या व्हॅलेरो मॅकी रिफायनरीत १६ फेब्रुवारी २००७ ला अशाच, अनेक वर्षं न वापरलेल्या शाखेत साचलेलं पाणी गोठलं, एल्बो तडकला, बर्फ वितळल्यावर द्रव प्रोपेन बाहेर आलं आणि आग लागली. आपल्याकडे पाणी गोठत नाही, पण तेच पाणी गाळाखाली बसून तळाला खड्डे पाडतं. डेड लेगचा तळ मोजायचा, कडा नाही. आणि खरा उपाय मोजण्यात नाहीच. शाखा मुळाशी कापून ब्लाइंड (कायमची बंद) करण्यात आहे. शटडाउनच्या कामांत ही कापणी आग्रहाने घाला.

तिसरी जागा कोकणपट्टीतल्या प्लांटसाठी सगळ्यात महत्त्वाची: इन्सुलेशनखालचा गंज. माहूल असो, उरण असो, चार महिने पाऊस आणि बाराही महिने खारा वारा. कार्बन स्टीलला साधारण उणे १२ ते १७५ अंशांचा पट्टा धोक्याचा. त्यातही १०० ते १२० च्या आसपास सर्वाधिक. कायम ३०० अंशांवर चालणारी लाइन या बाबतीत बरी, पण तीच लाइन वरचेवर बंद-चालू होत असेल तर प्रत्येक वेळी या पट्ट्यातून जाते आणि थंड असताना पाणी धरते. पाणी शिरतं ते क्लॅडिंगच्या (इन्सुलेशनवरच्या पत्र्याच्या) उघड्या सांध्यांतून, सपोर्टपाशी, नोझलपाशी, व्हेसलच्या (दाबाच्या टाकीच्या) स्टिफनिंग रिंगवर, आणि हे नीट लक्षात ठेवा, जाडी मोजण्यासाठी आपणच कापलेल्या खिडक्यांतून. झाकण हरवलेली प्रत्येक खिडकी म्हणजे पावसाळ्यात उघडं तोंड. झाकण, गॅस्केट आणि सीलंट हे तपासणीचंच काम समजा. ते लावल्याशिवाय पॉइंट पूर्ण झाला असं लिहू नका. इन्सुलेशन न काढता बघायच्या पद्धतींपैकी थर्मोग्राफी किंवा न्यूट्रॉन बॅकस्कॅटर ओल दाखवतात, गंज नाही. पल्स्ड एडी करंट मोठ्या क्षेत्राची सरासरी देतं, छोटा खोल खड्डा त्यात बुडून जातो. लहान व्यासाला प्रोफाइल रेडिओग्राफी चांगली. शंका पक्की असेल तर इन्सुलेशन काढूनच बघा, पण लाइन बंद आणि रिकामी असताना. याचं कारण शेवटी येतं.

आता मोजमापाबद्दल, कारण "ठीक" आलेला आकडाही चुकीचा असू शकतो. गरम पाइपमध्ये आवाजाचा वेग दर ५५ अंशांना साधारण एक टक्क्याने घटतो. थंड ब्लॉकवर कॅलिब्रेट करून ३०० अंशांच्या लाइनवर प्रोब ठेवलात तर ६.४ मिमीची भिंत ६.७ च्या आसपास दिसते. रंगावरून साध्या पद्धतीने मोजलं तर रंगाचा थर त्याच्या खऱ्या जाडीच्या दोन-अडीचपट होऊन आकड्यात मिळतो. एको-टू-एको मोड (दोन प्रतिध्वनींमधलं अंतर मोजणारा, त्यामुळे रंग वगळणारा) वापरा किंवा रंग घासून काढा. सगळ्यात घातक म्हणजे दुप्पट वाचन: भिंत दीड-दोन मिमीच्या खाली गेली की ड्युअल प्रोब दुसरा प्रतिध्वनी धरतो आणि १.३ मिमी असताना २.६ दाखवतो. म्हणून ए-स्कॅन (प्रतिध्वनींचा आलेख) दिसणारं यंत्र घ्या, नुसत्या आकड्याचं नको. मागच्या वेळेपेक्षा जाडी वाढलेली आली तर ती रजिस्टरमध्ये तशीच उतरवू नका. पाइप जाड होत नाही. दोनपैकी एक वाचन चुकलंय आणि ते तिथेच, मचाण उतरवण्याआधी, शोधायचं.

हिशेब सोपा आहे. समजा ८ इंची, शेड्यूल ४० (जाडीचा ठरलेला वर्ग) पाइप. २०१६ मध्ये ७.४ मिमी, २०२१ मध्ये ६.४. झीज वर्षाला ०.२ मिमी. २० बार दाबासाठी सूत्राने जेमतेम १.६ मिमी पुरतात, पण तेवढ्या पातळ पाइपला स्वतःचं वजन आणि सपोर्टवरचा वाक झेपत नाही, म्हणून या मापाला २.८ मिमी किमान धरतात. उरलेलं आयुष्य (६.४ − २.८) ÷ ०.२ = १८ वर्षं. पुढची मोजणी त्याच्या निम्म्यावर किंवा एपीआय ५७० मधल्या मालाच्या वर्गाच्या कमाल अंतरावर, जे आधी येईल तेव्हा: एलपीजीसारखा लगेच वाफ होणारा माल असेल तर वर्ग १, म्हणजे पाचच वर्षं. दीर्घ मुदतीची आणि अलीकडची अशा दोन्ही झिजा काढा आणि फरक मोठा असेल तर कारण विचारा. आणि पहिलं मोजमाप नसताना कॅटलॉगमधली ८.१८ मिमी मूळ जाडी म्हणून धरू नका. नवा पाइप १२.५ टक्के कमी, म्हणजे ७.१६ पर्यंतही नियमात बसतो, आणि तो जाडही असू शकतो. ८.६ वरून ८.१ वर आलेली लाइन कागदावर जवळपास झिजलेलीच नाही असं दिसतं.

धातूची खात्रीही जाडीइतकीच गरजेची. जुलै २००५ मध्ये टेक्सास सिटीच्या बीपी रिफायनरीत, मार्चमधल्या मोठ्या स्फोटानंतर काही महिन्यांनी, हायड्रोट्रीटर युनिटमध्ये (हायड्रोजनने तेल शुद्ध करणारं युनिट) एक ८ इंची एल्बो फुटून आग लागली. देखभालीत उतरवलेले एल्बो परत बसवताना कार्बन स्टीलचा एल्बो क्रोमच्या मिश्रधातूच्या जागी गेला होता. दिसायला दोन्ही सारखे. गरम हायड्रोजनने काही महिन्यांत कार्बन स्टीलचा खलास केला. तेव्हा मिश्रधातूच्या लाइनवर काही उतरवलं की परत चढवताना प्रत्येक तुकड्याची पीएमआय (धातू कोणता याची चाचणी) करा, जुन्या तुकड्यांचीसुद्धा, आणि उतरवतानाच तुकड्यावर व फ्लँजवर पंच करून ठेवा. हातातली एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी धातू ओळखणारी) क्रोम-मॉली सांगते, पण कार्बन ओळखत नाही आणि सिलिकॉनच्या इतक्या कमी प्रमाणावर तिचा भरवसा धरता येत नाही. त्यासाठी स्पार्क ओईएस (ठिणगीच्या प्रकाशावरून घटक मोजणारं यंत्र) लागतो.

एवढं सगळं करूनही तपासणी मागचं सांगते. पुढचं प्रोसेसवाल्यांच्या हातात असतं. २७ जून २०१४ च्या पहाटे आंध्रात नगरम इथे गेलची १८ इंची वायूवाहिनी फुटली आणि वीसहून अधिक माणसं गेली. कोरड्या वायूसाठी आखलेल्या लाइनमधून पाणी आणि कंडेन्सेट (वायूतून निघणारं हलकं तेल) मिसळलेला वायू जात होता, आणि आतून गंज चढला होता. माल बदलला तर झिजेचा दर बदलतो आणि जुन्या आकड्यांवर काढलेली तारीख निरुपयोगी होते. म्हणून प्रत्येक सर्किटसाठी चालवण्याच्या मर्यादा लिहून कंट्रोल रूममध्ये द्या: ओव्हरहेड पाण्याचा पीएच ५.५ ते ६.५, क्लोराइडची मर्यादा, फर्नेस आउटलेटचं कमाल तापमान, क्रूडमधलं गंधक आणि आम्लांक. मर्यादा ओलांडली की निरोप तुमच्याकडे आला पाहिजे, त्याच शिफ्टला. नवं क्रूड घ्यायचं ठरलं तर बदलाच्या कागदावर इन्स्पेक्शनची सही हवी. ती मागून घ्या. आपोआप येत नाही.

उशिरा झालेल्या तपासण्या आणि गळतीवर आवळलेल्या तात्पुरत्या क्लॅम्पची यादी दर महिन्याला प्लांटप्रमुखांच्या टेबलावर जाऊ द्या. क्लॅम्पला काढण्याची तारीख हवी, आणि सहसा ती पुढचा शटडाउन असते. मुदत वाढवायची तर आजूबाजूची ताजी जाडी, जोखमीचा हिशेब आणि वरच्या अधिकाऱ्याची सही असल्याशिवाय नाही. सेफ्टी व्हॉल्व्हलाही हेच लागू. तो शॉपमध्ये आला की साफ करण्याआधी आहे तसा बेंचवर उडवून बघा. ठरलेल्या दाबाच्या दीडपटीलाही उघडला नाही तर तो अडकलेला धरायचा, म्हणजे ते व्हेसल इतके दिवस संरक्षणाशिवाय चालत होतं. आधीच धुऊन टाकलात तर ही माहिती कायमची जाते.

राहिली चालू लाइनची गळती. इन्सुलेशनमधून थेंब दिसला की पहिली इच्छा होते ती पत्रा काढून बघण्याची. रिचमंडला तेच झालं: लाइन चालू ठेवून गळती शोधायला इन्सुलेशन काढलं जात होतं, गळती वाढत गेली आणि पाइप फुटला. त्या लाइनला आयसोलेट करायला मध्ये व्हॉल्व्हच नव्हता, म्हणजे युनिट बंद करणं हाच मार्ग होता. ज्वलनशील माल, आपोआप पेटण्याच्या तापमानाच्या वरची लाइन किंवा कारण न कळलेली गळती असेल तर माणसं लांब करा, दाब उतरवा, युनिट खाली आणा. भिंतीची जाडी ठाऊक नसताना क्लॅम्पही चढवू नका, कारण बोल्ट आवळताना पातळ पाइप दबतो आणि थेंबाची धार होते. क्लॅम्पच्या दोन्ही कडांखाली पुरेशी जाडी आहे हे मोजून कळलं आणि नुकसान कशाने झालं हे माहीत असलं, तरच क्लॅम्पचा विचार. बंद करायचा अधिकार शिफ्ट इनचार्जला लेखी दिलेला असावा, रात्री दोन वाजता कुणाला फोन न करता वापरता येईल असा.