आधी तो मेल शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या सिडकोत राहणारे आणि अंबडला फॅब्रिकेशनचे वर्कशॉप चालवणारे एक वाचक. 2015 ते 2021 या काळात त्यांनी एका ऑनलाइन स्टोअरमधून 62 चित्रपट 'विकत' घेतले, सुमारे 21,000 रुपयांचे. स्टोअरने भारतातली सेवा बंद केली आणि 1 जुलै 2023 पासून खाते रिकामे झाले. हे त्यांच्या लक्षात आले त्या वर्षीच्या दिवाळीत. मग मेलामेली. 18 एप्रिल 2025 ला कंपनीने पैसे परत द्यायला साफ नकार दिला. त्याआधी, 2018 मध्ये, 'आता सगळे खात्यात आहे' म्हणून घरातल्या डीव्हीडी आणि व्हीसीडींची पोती त्यांनी भंगारवाल्याला किलोच्या भावाने देऊन टाकली होती. आता विचारतात: पैसे मोजले म्हणजे चित्रपट माझे झाले ना? केस टाकता येईल ना? आणि नकारापासून दोन वर्षे, म्हणजे एप्रिल 2027 पर्यंत मुदत आहे, तर सिंहस्थाच्या ऑर्डरी उरकल्या की मग टाकली तर चालेल ना?

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. नाही, चालणार नाही. बहुधा आधीच उशीर झाला आहे.

पहिला प्रश्न मला सतत कोणी ना कोणी विचारते. कधी ई-पुस्तकांबद्दल, कधी गेमबद्दल, आता चित्रपटांबद्दल. त्यावर गप्पा छान रंगतात. तुमच्या केसचा निकाल मात्र त्यावर लागणार नाही, तो तारखेवर लागणार आहे.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 चे कलम 69 सांगते की वादकारण (ज्या घटनेवरून वाद उभा राहतो ती) घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार आली पाहिजे. तुमचे वादकारण घडले खाते रिकामे झाले त्या दिवशी. तुम्हाला ते दिवाळीत कळले, या म्हणण्याचा उपयोग नाही, कारण सेवा बंद होत असल्याचा मे महिन्यातला मेल तुमच्या 'प्रमोशन्स'मध्ये न उघडता पडून होता, आणि हे तुम्ही स्वतःच कंपनीला लिहून दिले आहे. पुढे तुम्ही दीड वर्ष मेल पाठवत राहिलात म्हणून मुदत लांबत नाही. तशी लांबली असती तर दर सहा महिन्यांनी एक पत्र टाकून कोणीही आपला दावा जिवंत ठेवला असता. सामनेवाल्यांनी, म्हणजे कंपनीने, मुदतीचा मुद्दा काढलाच नाही तर, अशीही आशा धरू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये स्टेट बँक विरुद्ध बी. एस. ॲग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या प्रकरणात सांगून ठेवले आहे की तक्रार दाखल करून घेण्याआधी मुदत तपासणे हे ग्राहक मंचाचेच (आताच्या ग्राहक आयोगाचे) काम आहे. तो निकाल जुन्या कायद्याखालचा असला तरी तरतूद तीच आहे.

म्हणजे सरळ हिशेबाने मुदत 30 जून 2025 च्या आसपास संपली. नकार आला 18 एप्रिलला. अडीच महिने तुमच्या हातात होते! वकील करायचीही गरज नव्हती. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि मोजलेली किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदतीला कोविडकाळाची जी सूट होती ती 28 फेब्रुवारी 2022 ला संपली, तिचा तुम्हाला उपयोग नाही. हे आधी लिहितो, कारण तुमच्या पत्रात कंपनीच्या अटींची छापील पाने, खात्याचे स्क्रीनशॉट, शेजाऱ्यांचे साक्षीपत्र असे बरेच काही आहे. ज्या एका कागदावर ही केस उभी राहू शकते, तो मात्र नाही.

तो कागद म्हणजे जानेवारी 2024 चा मेल. चौथ्या पानावर कंसात तुम्ही जाता जाता लिहिले आहे: 'सुरुवातीला म्हणाले होते, थांबा, तुमची खरेदी नव्या ॲपवर हलवायचे काम चालू आहे, तो मेल बहुतेक डिलीट झाला.' अहो, हेच तर पहिल्या पानावर हवे होते.

कंपनीने मुदत चालू असताना 'थांबा, चित्रपट परत दिसतील' असे लेखी कळवले असेल, तर आपल्याला म्हणता येते की तोवर सेवा नाकारलेलीच नव्हती, नकार पहिल्यांदा मिळाला तो 18 एप्रिल 2025 ला, आणि वादकारण त्या दिवशीचे. हे नुसत्या पत्रव्यवहारापेक्षा वेगळे आहे, कारण इथे थांबवून ठेवणारी कंपनी आहे. आयोग हे मान्य करेलच असे मी लिहून देत नाही. पण हा मेल हातात असला तर भांडायला जागा आहे, नसला तर फार थोडी.

म्हणून आज रात्री वर्कशॉपवरून घरी गेलात की तेवढेच काम करा. डिलीट केलेला मेल जीमेलच्या कचरापेटीत साधारण 30 दिवसच राहतो, तिथे तो नसणार. पण वर्कशॉपच्या संगणकावर तेच खाते एखाद्या मेल प्रोग्रॅममध्ये उतरवलेले असेल तर जुनी प्रत तिथे असू शकते. तुम्ही पुढे जी उत्तरे पाठवलीत त्यांच्या तळाशी आधीचा मजकूर जोडलेला असतो, ती सगळी खालपर्यंत उघडून पाहा. पुतण्याकडून मेल लिहून घेत होतात म्हणता, मग त्याला फॉरवर्ड केला असेल. सपोर्टच्या पानावर तक्रार क्रमांक टाकून जुना संवाद दिसतो का तेही पाहा. तक्रार क्रमांक तरी जपून ठेवलात ना? काहीच सापडले नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला तो क्रमांक देऊन प्रत मागा. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात उत्तर द्यायचे असते. नाहीच दिली तर तक्रार दाखल झाल्यावर ग्राहक कायद्याच्या कलम 38(9) खाली ती हजर करण्याचा आदेश आयोगाकडून मागता येतो. मात्र मेल मिळेपर्यंत तक्रार थांबवून ठेवू नका. सापडला तर प्रिंटबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याच्या नियमांना तितका काटेकोर धरून चालत नाही, पण समोर मोठ्या कंपनीचा वकील असणार आहे.

तक्रारीबरोबरच ग्राहक कायद्याच्या कलम 69(2) खाली विलंबमाफीचा अर्ज द्या, पर्यायी म्हणून. आमचे म्हणणे मुदतीत असल्याचेच आहे, तरी आयोगाला वेगळे वाटल्यास उशीर माफ करावा, अशा शब्दांत. त्यात 1 जुलै 2025 नंतरच्या काळाचा हिशेब द्यावा लागेल. 'सिंहस्थाच्या ऑर्डरी' हे कारण लिहू नका; धंदा जोरात होता म्हणून कायद्याकडे बघायला वेळ झाला नाही, असा त्याचा अर्थ होतो. आणि डॉक्टरांचे सर्टिफिकेट आणतो असे जे सुचवले आहे ते पुन्हा कोणाला सुचवू नका. कंपनीच्या आश्वासनावर विसंबलो, नकारानंतर मुदत तिथून सुरू होते असा प्रामाणिक समज होता, हे खरे आहे आणि तेच लिहा. पुरेल की नाही, सांगता येत नाही. रोज जाणाऱ्या दिवसागणिक ते कमी पुरते, एवढे नक्की.

तक्रार नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात चालेल, कारण 2019 च्या कायद्याने तक्रारदार राहतो तिथे दाद मागता येते. अटींमध्ये परदेशातल्या न्यायालयाचे आणि लवादाचे कलम आहे म्हणून तुम्ही घाबरला आहात. लवादाच्या कलमाने ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात कायम केले आहे. अडचण दुसरीकडे येऊ शकते. बिलावर विक्रेता म्हणून भारतीय कंपनीचे नाव आहे की परदेशी, ते पाहा. परदेशी असेल तर नोटीस बजावण्यातच महिने जातील.

मसुद्याबद्दल एक सूचना. 'हा करार अन्याय्य आहे' या मुद्द्यावर तक्रार बांधू नका. मुद्दा चुकीचा आहे म्हणून नव्हे. कंपनीने वाटेल तेव्हा करार मोडण्याची मुभा स्वतःकडे ठेवणे हे कायद्याच्या त्या व्याख्येत बसूही शकते. पण अन्याय्य कराराची तक्रार राज्य आयोगाकडे जाते, जिल्हा आयोगाकडे नाही, आणि तुमच्याकडे इकडून तिकडे हिंडायला वेळ उरलेला नाही. सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा, एवढेच धरा. बटणावर 'विकत घ्या' लिहायचे, 'भाड्याने घ्या'चा पर्याय शेजारी वेगळ्या किमतीला ठेवायचा, आणि मग विकत घेतलेलेही काढून घ्यायचे, ही दिशाभूल आहे, हे तिथे मांडता येते. कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2025 पासून अशा बटणावर बंधन घातले आहे: हा फक्त परवाना आहे असे स्पष्ट न सांगता 'बाय' म्हणायचे नाही. आपल्याकडे तसा नेमका नियम नाही. उदाहरण म्हणून नमूद करा, आधार म्हणून नको.

आता तुमचा लाडका पहिला प्रश्न. चित्रपट तुमचे कधीच नव्हते, डीव्हीडी होत्या तेव्हाही नव्हते. कॉपीराइट कायद्याच्या कलम 14 प्रमाणे प्रती काढणे, त्या विकणे, धंद्यासाठी भाड्याने देणे, लोकांना दाखवणे हे हक्क मालकाचे. तुमची होती ती तबकडी. पण ती तबकडी कपाटातून काढून न्यायला कंपनीला तुमच्या दारात यावे लागले असते, आणि खात्यावर मात्र कुठूनतरी एक कळ दाबून काम भागले. 2007 च्या सुमारास मोझर बेअरच्या व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना मिळत होत्या. ती कंपनी 2018 मध्ये अवसायनात गेली, तरी ज्यांनी तबकड्या जपल्या त्यांच्या अजून चालतात. तुमच्या भंगारात गेल्या. त्यावर कायद्यात उपाय नाही.

तबकडी असो की खाते, परवानगी घरी बघण्याची असते. म्हणून तुमच्या एका वाक्याने मी चपापलो. सोसायटीच्या गणपतीत याच खात्यावरून प्रोजेक्टरवर चित्रपट दाखवले, माणशी 20 रुपये घेतले, आणि आपण किती निष्ठावान ग्राहक आहोत हे पटवायला तुम्ही ते कंपनीलाच कळवले! आता ते त्यांच्या दप्तरी आहे. वापर व्यापारी होता, म्हणून हे ग्राहकच नाहीत, असा बचाव ते घेतील. पैसे खर्चापुरते होते, एकदाच घडले, असे असेल तर वर्गणीच्या वहीतले ते पान शोधून ठेवा. शेजाऱ्यांचे साक्षीपत्र मात्र जोडू नका, त्यात तेच चित्रपट बघितल्याचे लिहिले आहे.

मागणीचा आकडाही बदला. 25 लाख मानसिक त्रासाचे मागितलेत तर वाचणारा हसेल आणि बाकीचेही गांभीर्याने घेणार नाही. भरलेली रक्कम, व्याज, त्रासापोटी आणि खर्चापोटी काही हजार, एवढे मागा. कायदा म्हणतो, नोटीस पोचल्यापासून 3 महिन्यांत निकाल. सामनेवाल्यांच्या लेखी जबाबालाच 30 अधिक 15 दिवस मिळतात, आणि पुढच्या तारखा कशा पडतात ते आयोगाच्या बाकावर बसलेल्या कोणालाही विचारा. 21,000 रुपयांसाठी तेवढी चिकाटी आहे का, हे तुम्ही ठरवा. कंपनीने पैसे हप्त्याने किंवा खात्यात जमा करून देऊ केले, तर फुशारकीने नाकारू नका.

उरलेल्या दोन गोष्टी. भंगारातून वाचलेल्या थोड्या डीव्हीडी हार्ड डिस्कवर उतरवण्याबद्दल: स्वतःच्या वापरासाठी कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 खाली बचाव आहे असे मला वाटते, पण तबकडीवरचे कॉपी रोखणारे कुलूप तोडण्याविरुद्ध कलम 65ए आहे, आणि दोन्ही एकत्र वाचून काढलेला स्पष्ट निकाल माझ्या वाचनात नाही. ती हार्ड डिस्क सोसायटीत फिरवलीत तर प्रकरण वेगळे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63 चा (हक्कभंगाचा) गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये म्हटले आहे. आणि मेहुणे अमेरिकेहून जे डीव्हीडींचे खोके आणणार आहेत, ते मागवण्याआधी तुमचा प्लेयर सगळ्या विभागांच्या (जगाच्या भागांनुसार क्रमांक दिलेल्या) तबकड्या चालवतो का ते पाहा. तिकडच्या तबकड्यांवर 1 क्रमांक असतो, आपला 5.