वडिलांचा रिपोर्ट आणि इंदूरची बहीण

प्रश्न : माझे वडील ६७ वर्षांचे. पाठ दुखते म्हणून वर्षभर मलम चोळत होते, मग कळलं की प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत गेलाय. डॉक्टरांनी रक्ताची जनुकीय तपासणी करायला लावली, तिच्यात ‘बीआरसीए-२’मध्ये दोष निघाला. पण आजोबा ८४ वर्षं ठणठणीत होते, मग हे आलं कुठून? मी ४३चा, धाकटा भाऊ ३६चा. आम्ही तपासणी करावी का? बहीण ३९ची, इंदूरला असते. काका म्हणतात, पुरुषांचं दुखणं, लेकीला कशाला घोर लावता? भाऊबीजेला येईल तेव्हा बघू असं ठरलंय. (आजी पन्नाशीत छातीतल्या गाठीने गेली. थोरल्या आत्याच्या पोटात पाणी झालं होतं.)
– एक वाचक, कराड

उत्तर : पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची दोन वाक्यं तुम्ही कंसात टाकलीत. माझ्याकडे येणारी बहुतेक कुटुंबं हेच करतात. सोयरीक जुळवताना मावशीच्या नणंदेपर्यंत चौकशी होते, पण आजी कशाने गेली विचारलं की ‘जुनं दुखणं होतं’ म्हणून विषय संपतो. मी कागदावर वंशवेल काढते, बायकांना गोल आणि पुरुषांना चौकोन. तुमच्या पत्रावरून काढली तेव्हा आजीच्या गोलापाशीच पेन्सिल थांबली.

बीआरसीए-२ हे जनुक १३व्या गुणसूत्रावर असतं आणि ते गुणसूत्र स्त्री-पुरुष दोघांनाही असतं. पेशीतला डीएनए तुटला की तो नीट सांधायचं काम या जनुकाकडे आहे. सांधणारा गवंडीच गैरहजर असला तर चुका साचत जातात. या चुका बाईत स्तनात किंवा बीजकोशात दिसतात, पुरुषात प्रोस्टेटमध्ये. म्हणजे दोष एकच, दुखणी वेगळी. आजोबांचं निरोगी म्हातारपण आणि आजीची गाठ एकत्र ठेवली, तर वडिलांकडे तो आजीकडून आला असावा. आत्याच्या पोटातलं पाणी बीजकोशाचं असू शकतं, यकृताचं किंवा क्षयाचंही. जुने कागद पत्र्याच्या ट्रंकेत असतील तर शोधा, आणि आतेभावंडांनाही कळवा.

वडिलांच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, हा दोष येण्याची शक्यता निम्मी. थोरला-धाकटा असा हिशेब इथे चालत नाही. दोष असलेल्या पुरुषांपैकी साधारण २७ टक्क्यांना ७५व्या वर्षापर्यंत प्रोस्टेटचा कॅन्सर होतो. तो लहान वयात येतो आणि जास्त आक्रमक असतो. दोष असलेल्या बाईला मात्र ८०व्या वर्षापर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ६९ टक्क्यांच्या आसपास आहे, बीजकोशाचा १७. आता सांगा, घोर कोणाला आधी लागायला हवा?

तुम्हा तिघांची तपासणी वडिलांच्या तपासणीइतकी मोठी नाही. त्यांचा नेमका बदल सापडलाय, तेवढा एकच शोधायचा. रक्त किंवा लाळ पुरते. आधी रिपोर्टवर ‘रोगकारक’ असं स्पष्ट लिहिलंय ना ते पाहा. ‘महत्त्व अनिश्चित’ असा शेरा असेल तर त्याच्या जोरावर कोणतंही ऑपरेशन ठरवू नका. समुपदेशनाशिवाय नुसता नमुना कुरियरने पाठवू नका. खारघरला टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात या कामासाठी विभाग आहे.

दोष निघाला तर तुम्ही यंदापासूनच दर वर्षी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी, करायची. लघवीला जळजळ किंवा संसर्ग असेल त्या आठवड्यात नको, आकडा उगाच फुगतो. भावाने चाळिशीपासून सुरुवात करायची. दोष नसेल तर हा खास धोका गेला, चारचौघांइतका उरतो. तोही शून्य नसतो: ४५०हून अधिक बारीकसारीक जनुकीय बदल प्रोस्टेटच्या कॅन्सरशी जोडलेले आढळलेत, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. त्यांची बेरीज करून ‘स्कोअर’ देणाऱ्या जाहिराती दिसतात. ते अभ्यास मुख्यतः युरोपीय वंशाच्या पुरुषांवर झाले आहेत, तेव्हा कराडकराने त्यावर पैसे घालवू नयेत असं माझं मत. मुलाबाळांची तपासणी ती १८ वर्षांची होईपर्यंत करायची नाही.

वडिलांच्या डॉक्टरांना ओलापारिबबद्दल विचारा. डीएनए सांधायची उरलेली वाट हे औषध बंद करतं, त्यामुळे असा दोष असलेल्या गाठीच्या पेशी तगत नाहीत. पसरलेल्या प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये ठरावीक टप्प्यावर ते वापरतात. म्हणजे ज्या रिपोर्टने घर हादरलं, तोच वडिलांच्या उपयोगी पडू शकतो.

राहिली बहीण. भाऊबीजेपर्यंत थांबू नका. दोष निघाला तर तिला वर्षातून एकदा स्तनांचा एमआरआय आणि मॅमोग्राफी लागेल, आणि बीजकोश-नलिका काढण्याबद्दल चाळीस ते पंचेचाळीस या वयात निर्णय घ्यावा लागेल. ती ३९ची आहे. वडिलांची परवानगी घेऊन आधी फोन करा, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर मागाहून पाठवा. तपासणी करायची की नाही हे तिचं तिने ठरवावं. नको म्हणाली तर भरीस घालू नका. पण कळण्याचा हक्क तिचा आहे.

आणि काकांचं वय तुम्ही लिहिलं नाहीत. आजीचेच मुलगे ना ते? त्यांची पीएसए शेवटची कधी झाली?